म्हसावदच्या रेडिओतली खरखर

नोकरीच्या पहिल्याच संध्याकाळी मी चार व्हॉल्व एका झटक्यात जाळले, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

आता ट्रान्झिस्टर काखोटीला मारून शेतात जाणाऱ्यांना व्हॉल्व म्हणजे काय ते माहीत नसणार. जुन्या रेडिओत काचेचे छोटे दिवे असत. दिव्यातली तार तापली की रेडिओ बोलायचा. खेड्यात वीज नव्हती, म्हणून बॅटऱ्या दोन. एक वजनदार, पाण्याची, नुसते दिवे तापवायला. दुसरी आवाजासाठी, कोरडी आणि कितीतरी जोरकस. दोन्हींच्या तारा वेगळ्या आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली. मी मुंबईला सहा महिने शिकून, छापील सर्टिफिकेट घेऊन आलेला माणूस. चिठ्ठ्या वाचणं मला कमीपणाचं वाटलं. जोरकस बॅटरी मी थेट दिव्यांना जोडली. चारही दिवे असे लख्ख पेटले की म्हसावदच्या चावडीचे कोपरे उजळून निघाले.

"उजेड पडना! उजेड पडना!" म्हणत माणसं टाळ्या वाजवू लागली. दुसऱ्या क्षणी काळोख. धुळ्याहून नवे व्हॉल्व येईपर्यंत तीन आठवडे तो रेडिओ मुका होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, आते बोली का हाई?"

मी म्हणालो, "आज फक्त उजेडाची चाचणी होती. आवाजाची पुढच्या खेपेला."

हे आधीच सांगून मोकळा होतो. पुढे एके ठिकाणी मी साहेबासमोर छाती काढून उभा राहिलो असं येणार आहे. ते वाचताना हा माणूस कोण होता, ते तुमच्या डोळ्यांसमोर असलेलं बरं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेश. सरकारनं मोठ्या गावांना एकेक रेडिओ दिला होता. त्यातून शेतीची माहिती, भजनं आणि मुख्य म्हणजे युद्धाच्या बातम्या व पुढाऱ्यांपेक्षा साहेबांची जास्त भाषणं ऐकवायची. ज्या खात्यात मी होतो त्याचं नाव घेत नाही. माझ्याकडे शहाद्याच्या आसपासची अकरा गावं आणि एक सरकारी सायकल होती. कॅरियरला बॅटरी बांधायची, गावात पोचवायची, उतरलेली उचलायची आणि जाता येता बिघाड काढायचे. लोक मला रेडिओ मास्तर म्हणत. मी मूळचा नंदुरबारचा, घरात अहिराणी बोलणारा. पण मुंबईहून परतल्यावर वर्षभर मी अशी शुद्ध मराठी बोललो की आईनं एकदा विचारलं, "तुन्ही जीभले काय व्हयनं रे?"

म्हसावदचा रेडिओ चावडीतल्या कपाटात असे. कपाटाला एक कुलूप, कुलपाला एक किल्ली, आणि ती भिका कोतवालाच्या करगोट्याला. भिकाभाऊ पन्नाशीचा, काटक. खांद्यावरून तिरपा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला चिंचेनं घासून इतका चकचकीत ठेवी की कपाळावरचं कुंकू त्यात पाहून सारखं करावं. चावडीबाहेर निंबाच्या झाडापासून चावडीच्या आढ्यापर्यंत एरियलची तार ताणलेली होती. एक तार भिंतीवरून खाली येऊन खड्ड्यातल्या तांब्याच्या पत्र्याला जोडली होती. त्या खड्ड्यातली माती ओली लागते, नाहीतर रेडिओ नीट ऐकू येत नाही. मी हे एकदा सांगितलं, आणि भिकाभाऊ रोज दिवेलागणीला न चुकता तिथे तांब्याभर पाणी ओतू लागला.

"मास्तर," तो म्हणे, "बाकीना देव फूल मांगतस, नारय मांगतस. हाऊ एकच असा शे का नुसता पानीवर बोलस."

मुंबईत बोललेलं म्हसावदात कसं ऐकू येतं, हे मला प्रत्येक गावात विचारत. पहिल्यांदा मी सर्टिफिकेटाच्या परीक्षेत लिहिलेली व्याख्या म्हणून दाखवी. ती कुणाला कळत नसे. खरं सांगायचं तर परीक्षेतही ती मी पाठ करून लिहिली होती. पण एका संध्याकाळी वेस्ता चावडीवर आला आणि माझी सोय झाली.

वेस्ता पावरा काठी गावाकडचा. दरवर्षी कापणीच्या दिवसांत त्याचं कुटुंब सातपुड्यावरून उतरून म्हसावदच्या शेतांत कामाला येई. घरी तो पावरी बोले, आमच्याशी तोडकीमोडकी अहिराणी. होळीला वाजवायच्या मोठ्या ढोलाला त्यानं त्या दिवशी नवं कातडं चढवून घेतलं होतं. ढोल गळ्यातच घेऊन तो रेडिओ ऐकायला बसला होता.

मी म्हटलं, "वेस्ता, उभा राहा. एकसारखा वाजव. चाल बदलायची नाही, थांबायचं नाही."

तो वाजवू लागला. धम् धम् धम्, सगळे ठोके सारखे.

"मुंबईचं स्टेशन हे एवढंच करतं," मी लोकांना म्हणालो. "फक्त सेकंदाला लाखो ठोके. आपल्या कानाला ते ऐकूच येत नाहीत. आता वेस्ता, माझ्या हाताकडे बघ. हात वर गेला की जोरात मार, खाली आला की हळू. चाल तीच."

मी हात वरखाली करू लागलो आणि ढोलाचा जोर चढू-उतरू लागला. भिकाभाऊला मी डोळे मिटून पाठमोरा उभा केला होता. तो ऐकून सांगू लागला, "आते हात वर... आते खाल... आते मजार..." वर, खाली, मधे, एकदाही चुकला नाही.

रेडिओ म्हणजे इतकंच. मुंबईत माणूस बोलतो, त्याचा आवाज म्हणजे माझा हात. आवाज जसा वरखाली होतो तसा ठोक्यांचा जोर वरखाली होतो. ठोके दूरवर जातात, आणि आपला सेट पाठमोऱ्या भिकाभाऊसारखा नुसता जोर ओळखतो. ठोके तो टाकून देतो आणि चढउतार तेवढा ठेवतो. तोच माणसाचा आवाज. शिकलेले लोक याला मॉड्युलेशन म्हणतात. मी चावडीवर चढउतारच म्हणत असे.

मग मी रॉकेलचा रिकामा डबा मागवला आणि एकाला सांगितलं, वेस्ता वाजवत असताना मनाला येईल तेव्हा यावर दांडका हाण. झालं. भिकाभाऊ गोंधळला. माझा हात खाली असताना डबा वाजे आणि हा म्हणे, "वर!" कारण कानाला नुसता जोर कळतो. तो जोर ढोलाचा की डब्याचा, हे कानाला कोण सांगणार?

"हीच खरखर," मी म्हणालो. "सातपुड्यावर वीज चमकली, कुठे ठिणगी उडाली, की रेडिओला ते डब्यासारखं ऐकू येतं. ढोल जवळ असला तर डब्याला कोण विचारतो? पण आपला ढोल मुंबईत आहे."

मी खूश होऊन बसलो. तेवढ्यात वेस्ता बोलला.

"मास्तर, मंग जोर एकच ठेवसू."

"म्हणजे?"

"हात वर, जल्दी वाजाडसू. हात खाल, धीरे वाजाडसू. जोर एकच. मंग डबा कितला बी ठोका, भिका चालच ऐकी. माले काय?"

मी मोठ्यानं हसलो. "अरे, हे सायन्स आहे. होळीचा ढोल नाही." मी हसलो म्हणून लोकही हसले. वेस्ता हसला नाही. त्यानं ढोल खाली ठेवला आणि नव्या कातड्यावरून हात फिरवत बसला.

युद्ध संपल्यावर धुळ्याच्या एका दुकानात इंग्रजी मासिक चाळताना मी वाचलं की परदेशात नेमकी हीच युक्ती काढली आहे. जोर कायम ठेवायचा आणि ठोक्यांची घाई कमीजास्त करायची. खरखर ठोक्यांच्या जोरात मिसळते, त्यांच्या चालीत फारशी शिरत नाही, म्हणून आवाज स्वच्छ येतो. आकृत्यांसकट चार पानं होती. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वेस्ताला इंग्रजी येत नाही हे बरं झालं, असं वाटलं. वाईट वाटायला दोन दिवस लागले.

असो. आता साहेबांकडे येतो.

त्या वर्षी युद्धाच्या प्रचारासाठी आमच्या भागावर एक साहेब नेमले गेले. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं असतील आणि ती वाचणारी असतील. साहेब गावोगाव फिरत. मुंबईहून कुणा वरिष्ठाचं भाषण असलं की एखाद्या गावात मुक्काम ठोकून, माणसं जमवून, ते ऐकलं जातंय याची खात्री करत. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्यांची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागच्या बाजूला लोखंडी पिंपाएवढी भट्टी. ती एकदा विझली की पुन्हा फुलवून गाडी चालू व्हायला पाऊण तास जाई, म्हणून त्यांचा ड्रायव्हर रज्जाक इंजिन बंदच करत नसे. चावडीसमोर निंबाखाली गाडी लावायची आणि सभा संपेपर्यंत ती घुरघुरत ठेवायची. मधूनच उतरून भट्टी ढवळायची. रज्जाक कोळशानं काळा होऊन फिरे, आणि म्हणे, "ये मोटर नहीं मास्टरजी, ससुराल का चूल्हा है."

साहेब पहिल्यांदा म्हसावदला आले. खुर्ची टाकली, माणसं बसली, भिकाभाऊनं कपाट उघडलं, मी बटण फिरवलं. मुंबई बोलू लागली. आणि पुढल्या क्षणी खर्रर्रर्र. आत माणूस बोलतोय एवढं कळावं, काय बोलतोय ते कळू नये.

"आवाज वाढवा!" साहेब म्हणाले.

वाढवला. खरखरही वाढली. खडे असलेली डाळ ताटात जास्त वाढली म्हणून खडे कमी होत नाहीत. पण साहेबांना हे सांगायची छाती नव्हती. मी वाढवत गेलो. शेवटी समोरच्या म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

साहेब चिडून गेले. आणि ते गेल्यावर थोड्याच वेळात त्याच रेडिओवर मुंबईहून भजन लागलं, ते अगदी स्वच्छ. मी रात्रभर मागचं फळकूट काढून आतले सांधे तपासले. काही नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब ब्राह्मणपुरीला. तिथला सेट वेगळा, बॅटरी वेगळी, एरियल मी स्वतः नवी ओढलेली. साहेब आले, खर्रर्र. साहेब गेले, भजन. मग पुन्हा म्हसावद. तेच.

"मी येतो तेव्हाच हे कसं होतं?" साहेब ओरडले.

वाचक हो, उत्तर त्यांनीच दिलं होतं. ते माझ्या सर्टिफिकेटवाल्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, साहेबासमोर माझा हात थरथरतो म्हणून बटण नीट जागेवर बसत नसेल.

"उद्या संध्याकाळपर्यंत कारण लेखी पाहिजे," साहेब म्हणाले.

'कारण कळले नाही.' तीन शब्द होते. ते लिहिले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण ज्याला कारण कळत नाही त्याला अकरा गावांचा मास्तर कोण म्हणणार? बेचाळीसची गडबड होऊन गेली होती. तारा तोडल्या गेल्या होत्या, आणि सरकारला प्रत्येक बिघाडात कुणाचा तरी हात दिसत होता. त्यांना काय वाचायला आवडेल ते मला ठाऊक होतं. मी लिहिलं, 'यंत्राच्या आत कोणीतरी हात घातल्याचा संशय येतो.' सही केली. नाव कुणाचं घातलं नाही, याचं मला त्या दिवशी कौतुकही वाटलं. किल्ली एकच होती आणि ती कुणाच्या कमरेला होती, याचा विचार मी केला नाही. किंवा केला आणि बाजूला सारला. इतक्या वर्षांनी यातलं खरं कुठलं ते मलाही सांगता येत नाही.

दहाएक दिवसांनी फार वरच्या एका साहेबाचं भाषण होतं. आमचे साहेब दिवस मावळायच्या आधी म्हसावदला आले, ते दोन पोलीस घेऊन. गाडी निंबाखाली घुरघुरत होती. चावडी भरलेली. कापणीची माणसं बाहेर ओट्याला टेकून बसली होती, त्यांत वेस्ताही होता.

साहेब बसलेच नाहीत. म्हणाले, "भिका कोतवाल कोण? पट्टा काढ."

भिकाभाऊला वाटलं, पट्टा तिरपा झालाय. त्यानं तो सरळ केला.

"काढ म्हणतो! किल्ली दे. तुला शहाद्याला यायचंय."

"काबर साहेब?"

"युद्धाच्या दिवसांत सरकारी यंत्र बिघडवलंस म्हणून."

"मी हात बी लाया नही साहेब. मी कपाट उघाडस, मास्तर बटन फिरावतस. मी तठे खड्डामा पानी टाकस, बस."

"लेखी रिपोर्ट आहे."

"कोना रिपोर्ट?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भिकाभाऊनं त्यांची नजर गेली तिकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्ही लिखं हाई?"

 पायाखालच्या फरशीला एक भेग होती, ती पाहत राहिलो.

भिकाभाऊनं पट्टा डोक्यावरून काढला. बिल्ला आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून तो टेबलावर ठेवला. करगोट्याची किल्ली सोडायला त्याला वेळ लागला, गाठ जुनी होती.

"आता लावा रेडिओ," साहेब मला म्हणाले. "सगळ्यांसमोर होऊ द्या."

लावला. खर्रर्र.

"ऐका! पुन्हा!" साहेब पोलिसांना म्हणाले.

तेवढ्यात मला ओट्याच्या लाकडी खांबावर बोटं वाजल्याचं ऐकू आलं. वेस्ता. खरखरीच्या बरोबर चालीत, एक ठोका इकडे की तिकडे नाही. मला वाटलं, हा माझी टर उडवतोय, आणि वेळ ही. मी खेकसलो, "वेस्ता, वाजवणं बंद कर!"

"मी नही वाजाडी ऱ्हायनू," तो म्हणाला. हनुवटीनं त्यानं निंबाकडे दाखवलं. "ती गाडी वाजाडी ऱ्हायनी."

त्याच क्षणी भट्टी मंदावली असावी, कारण रज्जाकनं पायानं इंजिनाला जोर दिला. इंजिन घाईत आलं. रेडिओतली खरखर घाईत आली. वेस्ताची बोटं घाईत आली. रज्जाकनं पाय काढला, तिन्ही संथ झाली.

माझ्या डोक्यात त्या वेळी जो उजेड पडला, त्यानं पुन्हा चार व्हॉल्व जळाले असते. मोटारीच्या इंजिनात प्रत्येक झटक्याला एक ठिणगी उडते. ती ठिणगी म्हणजे एक बारकं, बेशिस्त स्टेशनच. बोलत काही नाही, पण सगळ्या लहरींवर एकदम ओरडतं. आणि ते स्टेशन माझ्या एरियलच्या खाली लावलेलं. ढोल मुंबईत आणि रॉकेलचा डबा कानाशी. हे मी स्वतः याच चावडीवर शिकवलं होतं!

मी धावत बाहेर गेलो. "रज्जाकभाई, इंजिन बंद कर!"

"साहब के हुकम बिना? फिर पौन घंटा भट्टी कौन फूँकेगा, आप?"

साहेब ओट्यावर आले. "गाडी बंद होणार नाही. मला दिवस असेतो परत जायचंय."

"मग ती गावाबाहेर न्या साहेब."

"तुम्ही मला हुकूम देता?"

आजही कुणी विचारलं की तेव्हा तुमच्या अंगात काय आलं, तर मला सांगता येत नाही. खोटा रिपोर्ट लिहिणारा माणूस मीच, आणि आवाज चढलेलाही माझाच.

"खरखरीला देतोय," मी म्हणालो. "ती तुमच्या गाडीत बसून येते आणि तुमच्याबरोबर जाते. ब्राह्मणपुरीलाही आली होती. तिला विहिरीपर्यंत फिरवून आणा, मग कुणाला शहाद्याला न्यायचं ते ठरवा."

साहेब काही बोलायच्या आत रज्जाकनं गाडी हाकली. त्यालाही बघायचं होतं. गाडी गावविहिरीच्या दिशेनं गेली तशी खरखर पातळ होत गेली, आणि वळणापलीकडे गेल्यावर मुंबईचा माणूस म्हसावदच्या चावडीत शेजारी बसल्यासारखा बोलू लागला. गाडी परतली. खर्रर्र. माणसं उठून ओट्यावर गोळा झाली. कुणीतरी हातवारे केले, "रज्जाकभाई, जाय! जाय!" गाडी गेली, मुंबई आली. "ये रे, ये!" गाडी आली, मुंबई गेली. तिसऱ्या खेपेला तर सगळी चावडी ओरडत होती, पोलीससुद्धा हसत होते. ज्या म्हातारीनं पूर्वी कानांवर हात ठेवले होते ती साहेबांना म्हणाली, "भाऊ, खरखर तुमनी शे. आम्हनी नही."

साहेब लालबुंद झाले, पण माणूस हुशार होता. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून बोलले.

"गाडीचं मी पाहीन. पण हात घातल्याचा तुमचा रिपोर्ट वर गेला आहे. त्यावर हुकूम निघालाय. याला न्यावंच लागेल."

"सगळ्यांनी आत्ता ऐकलं ना?"

"ऐकलेलं फायलीत लागत नाही."

"मग लागेल असं देतो," मी म्हणालो, आणि पिशवीतून रिपोर्टाची वही काढली.

"शांतपणे विचार करा," साहेब म्हणाले. "हा महिना दोन महिने आत बसेल, मग सोडतील. पट्टा कदाचित परत मिळेल. तुमची नोकरी मात्र गेली तर गेली. तुम्ही शिकलेले आहात."

मी विचार केला. केलाच नाही असं सांगितलं तर खोटं होईल. नंदुरबारचं घर, आई, आणि मुंबईला जाण्याआधीसारखी पुन्हा कुणाच्या दुकानात घड्याळं पुसायची का, हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पेन हातात तसंच राहिलं.

ते भिकाभाऊनं पाहिलं. तो दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. म्हणाला, "मास्तर, लिखू नका. मन्हा पट्टा जाई ते जाई. तुम्हनी नोकरी गई तर रेडिओ कोन दुरुस्त करी?"

"भिकाभाऊ," मी म्हणालो, "मी तो दुरुस्त केलाय कधी?"

चावडी हसली. भिकाभाऊ हसला नाही, मीही नाही. मी लिहिलं, 'यंत्र निर्दोष आहे. कोतवाल निर्दोष आहे. खरखर मोटारीच्या ठिणगीची होती. मला कारण कळले नव्हते, ते लपवण्यासाठी मी मागचा रिपोर्ट खोटा लिहिला.' आणि साहेबांच्या हातात देण्याआधी ते सगळ्या चावडीला मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्यांदा मराठीत आणि मग अहिराणीत. वर्षभरात चारचौघांत अहिराणी बोलायची ती पहिली वेळ. सहीखाली सात जणांनी अंगठे उठवले. सातवा वेस्ताचा. शाई लागलेलं बोट त्यानं खांबाला पुसलं.

"आता न्या," मी साहेबांना म्हणालो. "पण मग हा कागदही न्यावा लागेल, आणि कुणाची मोटार ते वर सांगावं लागेल."

साहेब बराच वेळ कागद वाचत उभे राहिले. मग त्यांनी पोलिसांना मान हलवून खूण केली. भिकाभाऊनं टेबलावरचा पट्टा उचलला, घडी मोडली, गळ्यात घातला. बिल्ल्यावर कुणाचा तरी अंगठा उमटला होता, तो धोतराच्या सोग्यानं पुसला. आणि किल्ली घेऊन कपाट बंद केलं. वरच्या साहेबाचं भाषण केव्हाच संपलं होतं. ते कुणीच ऐकलं नव्हतं.

भिकाभाऊ त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. बॅटरी घेऊन गेलो की कपाट उघडी आणि बाहेर जाऊन बसे. त्याचं बरोबरच होतं. पट्टा परत मिळाला म्हणून तो आधी काढायला लावणारा माणूस चांगला होत नाही. सोळाव्या दिवशी मला बदलीची नाही की बढतीची नाही अशी कचेरीची चिठ्ठी आली, तेव्हा त्यानंच विचारलं, "काय लिखेल शे?"

"अकार्यक्षम म्हणून कमी केलंय," मी म्हणालो.

"म्हनजे?"

"काम येत नाही म्हणून."

भिकाभाऊनं थोडा विचार केला. "ते तर खरं शे," तो म्हणाला, आणि माझ्याबरोबर वेशीपर्यंत चालत आला.

कचेरीत सामान जमा करायला गेलो तर हेडक्लार्क माझी फाईल उघडून बसले होते. स्वभावानं भला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अहो, ही पंचाईत आहे. एकाच माणसाच्या सहीचे दोन रिपोर्ट, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. वरचे विचारतात, खरा कुठला धरायचा? अजून वेळ आहे. दुसरा दबावाखाली लिहिला असं म्हणालात तर मी तसा शेरा मारतो. मग कमी केल्याचं बघता येईल."

"दबाव होता," मी म्हणालो. "पण तो पहिला लिहिताना. दुसरा धरा."

"नक्की?"

"पहिल्यावर नुसती सही माझी आहे."

त्यांनी चष्मा खाली घेतला, दुसऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं खूण केली आणि यादी वाचू लागले. "सायकल एक."

"बाहेर लावली आहे."

"मीटर एक. हेडफोन एक."

ते टेबलावर ठेवले.

"पेचकस एक."

पेचकस माझा स्वतःचा होता, यादीत चुकून लागलेला. दिला नाही.